विसरलेल्या सुऱ्या

मावशींनी मला कधीच काही दिलं नाही. आमच्या घरात त्यांच्या ज्या वस्तू आल्या, त्या सगळ्या त्या विसरून गेल्या होत्या.

हे विचित्र वाटेल, म्हणून आधी मावशी कोण ते सांगतो. भेस्तानला त्यांचं दोन मजली छोटं घर होतं. खाली त्या स्वतः, मिलमध्ये पाळीवर जाणारे आणि घरी असले तरी नसल्यासारखे असणारे काका, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली त्यांची मुलगी मनीषा. वरच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको भाड्याने. माझी बँकेतली नोकरी नवी, लग्न नवं, आणि सांगलीकडून आलेल्या आम्हा दोघांना सुरत तर अगदीच नवी. मावशी मूळच्या अमळनेरकडच्या. बोलायच्या अहिराणी, त्यात गुजराती आणि हिंदी घरच्यासारखी येऊन बसलेली. त्यांची भाषा मला पूर्ण कधी आली नाही. इथे लिहितोय ती माझ्या कानांना जशी लागली तशी.

आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी त्या वर आल्या. सामान अजून पोत्यांत होतं. त्या जमिनीवरच बसल्या, कमरेला खोचलेली कापडाची गुंडाळी सोडली, आतून एक सुरी काढली आणि बरोबर आणलेले पेरू कापून मीठ लावून आमच्यापुढे ठेवले. गाव कुठलं, आईवडील कोण, सासू कशी, एवढं सगळं माझ्या बायकोकडून काढून घेतलं आणि उठून गेल्या. सुरी तिथेच राहिली. मूठ हिरव्या दोऱ्याने घट्ट गुंडाळलेली.

मी धावत खाली गेलो. "मावशी, तुमची सुरी राहिली वर."

"कोनी सुरी?"

"तुमची. आत्ता पेरू कापलेत ना."

"मी काय सुरी लिसन फिरस का भाऊ? गुंडी शे का मी?" आणि दार लावून घेतलं.

मी सुरी त्यांच्या पायरीवर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी त्या पपई घेऊन आल्या, तीच सुरी काढली, पपई कापली, सुरी ठेवून गेल्या. मी परत नेऊन दिली. तिसऱ्या वेळी मात्र मी ठरवलं, आता त्यांच्या हातातच द्यायची. सुरी पुढे केली तर त्यांनी लहान पोरासारखे दोन्ही हात पाठीमागे नेले. "खाले ठेव! खाले ठेव! हातमा देस का रे कोनी?"

शेवटी शेजारच्या वहिनींनी माझ्या बायकोला उलगडा केला. सांगताना त्यांना हसू आवरेना. "अहो, भेट देतेय ती तुम्हाला. सुरी कुणाला द्यायची नसते ना, दिली की संबंध तुटतात. म्हणून ती विसरते. सगळ्या गल्लीत विसरलीय. आणि तुमचे हे रोज परत नेऊन देतायत! ती विचारत होती मला, ह्या बँकवाल्याचं माझ्याशी काय वाकडं आहे म्हणून."

चौथ्यांदा मावशी सुरी विसरल्या तेव्हा आम्ही ती उचलून फळीवर ठेवली. खालून कुणीतरी मोठ्याने गुणगुणल्याचा आवाज आला.

मावशींना सुऱ्यांचं वेड होतं. दुसरा शब्द नाही. कुणाला साड्यांचं असतं, कुणाला भांड्यांचं. जवळच एक लेथवाला होता, तो लोखंड कापायच्या करवतीची झिजलेली पाती त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा. त्या पात्यांची तो सुरी करून द्यायचा, लाकडी मूठ बसवायचा, आणि मग मावशी मांडी घालून त्या मुठीवर दोरा गुंडाळत बसायच्या. हा दोरा म्हणजे लूमवर बॉबिनला उरलेला, फेकायचा, कधी झगझगीत गुलाबी, कधी जरीचा. प्रत्येक घराला वेगळा रंग. मला वाटायचं ह्यामागे काही विचार असणार. आम्हाला हिरवाच का, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तोच उरेल व्हता."

आता जिला सुऱ्यांचं एवढं वेड, तिने सुऱ्यांबद्दलच्या समजुती झुगारून द्यायला हव्यात की नाही? मावशींचं उलटं. एकूण एक समजूत त्या मानायच्या. सुरीचं टोक माणसाकडे करून ठेवायचं नाही. जमिनीवर सुरी गरगर फिरवायची नाही. कात्री रिकामी वाजवायची नाही, घरात भांडणं होतात. माझी बायको वर शिवण करताना कधी नुसतीच कात्री चालवायची, तर खालून आरोळी यायची, "पोरी, तोंड बंद कर तिनं!" जिना, छत, मशीनचा आवाज, ह्या सगळ्यातून ते त्यांना कसं ऐकू जायचं देव जाणे.

मी तेव्हा नवा पदवीधर, एरवी अबोल, पण मावशींची चेष्टा करायला तयार. एकदा म्हटलं, "मावशी, नवरदेव लिंबू खोचलेली कट्यार घेऊन लग्नभर मिरवतो. तेव्हा नाही का संबंध तुटत?"

"तो कट्यार कोनले देस का?" त्या म्हणाल्या. "सोतानी धरस. हातमा शे तठलग राखस. दिधी का कापस."

"मग लोक रुपया देतात ना बदल्यात. सुरी घ्यायची, एक रुपया ठेवायचा. म्हणजे दोष जातो."

ह्यावर मात्र त्या खरोखर चिडल्या. रुपया घेतला म्हणजे ती भेट कुठली, ती तर विक्री. मी काय दुकान मांडलंय का? माणसाला वस्तू द्यावीशी वाटली आणि देता येत नसेल, तर विसरून जावी. त्याला ती राहू द्यावीशी वाटली तर राहील. एवढं साधं तुम्हा बँकेतल्या लोकांना कळत नाही.

हळूहळू ह्या विसरण्याची त्यांना गोडी लागली असावी, कारण सुरीशिवाय इतर गोष्टीही त्या विसरायला लागल्या. भरिताचा डबा जिन्यात विसरायच्या. शेवभाजी आमच्या ओट्यावर विसरायच्या. माझ्या बायकोला दिवस गेले तेव्हा आवळे, चिंचेचे गोळे, मुगाचे लाडू, काय काय आमच्याकडे राहून गेलं. घरापासून इतक्या लांब, सासर-माहेरचं कुणी जवळ नाही, आणि तरी माझ्या बायकोला त्या महिन्यांत एकटं वाटलं नाही. ते मावशींमुळे.

आता जे सांगायचंय ते सांगतो. वर्षानुवर्षं टाळलं. घरातही फार उशिरा बोललो.

मनीषाला कडोदऱ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये सुपरवायझर, घर चांगलं. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती झाल्यासारखीच होती. मावशी इतक्या खुशीत होत्या की लेथवाल्याला त्यांनी नव्या घरासाठी पातं सांगून ठेवलं होतं. मग एका रविवारी दुपारी मुलाचे मामा आणि मेहुणे न सांगता आले. खाली कुलूप होतं, मावशींकडची सगळी नात्यातल्या बारशाला गेलेली. माझी बायको आत झोपली होती, आठवा महिना होता. ते दोघे जिना चढून वर आले. "तुम्ही बँकेत आहात, शिकलेले आहात," मामा म्हणाले. "माणसं कशी आहेत, एवढं मोकळेपणाने सांगा." लग्नाआधीची चौकशी. आपल्याकडे सगळेच करतात.

मी म्हटलं, फार चांगली माणसं आहेत. मी चहा केला. तिथे थांबलो असतो तर काही झालं नसतं.

मामा म्हणाले, "बाई जरा वेगळ्या आहेत, असं कानावर आलं. सुऱ्याबिऱ्यांचं काहीतरी."

मी स्वभावाने अबोल माणूस. बँकेत काउंटरवर बसायचो, चार जण बोलत असतील तर पाचवा ऐकणारा मी. त्या दुपारी पहिल्यांदा माझ्यासमोर दोन माणसं माझी गोष्ट ऐकायला उत्सुक बसली होती. मी पेरूची गोष्ट सांगितली. ते हसले. पाठीमागे नेलेले हात सांगितले, आणखी हसले. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. आणि मला ते आवडलं. खरं सांगतो, फार आवडलं.

मग मी कलिंगडाची गोष्ट काढली. उन्हाळ्यात एकदा मावशी ओट्यावर कलिंगड कापत असताना कुकर विकणारा एक सेल्समन आला होता. मी ती गोष्ट अशी सांगितली की मावशी तशाच उठल्या, हातात लाल गळणारी सुरी, आणि तो बिचारा कुकर तिथेच टाकून गल्लीच्या टोकापर्यंत पळाला. मी पळून दाखवलं. बसल्या जागी हात हलवून. आणि हशा टिकावा म्हणून वर म्हणालो, "उशाशीसुद्धा सुरी असते त्यांच्या. आणि मनीषा म्हणजे अगदी आईवर गेलीय हं."

हे शेवटचं मी कौतुकाने म्हणालो होतो. खरंच. मनीषा आईसारखीच होती, चटपटीत, मायाळू. पण मेहुण्यांनी कप खाली ठेवला. मामांचं हसू थांबलं होतं आणि मी अजून हसतच होतो.

चार-पाच दिवसांनी निरोप आला, योग नाही म्हणून.

मावशी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेल्या होत्या. मी बँकेतून आलो. त्यांनी मला बाजूला सरकून जायला जागा दिली आणि स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "मनंच चुकनं भाऊ. मीच हातमा दिन्ही."

कोणाच्या हातात? तर मुलाच्या आईच्या. बघण्याच्या दिवशी त्या बाईंनी सुरीची मूठ पाहून फार वाखाणली होती, बघू बघू म्हणून हात पुढे केला, आणि मावशींनी आनंदाच्या भरात सुरी त्यांच्या तळहातावर ठेवली. जन्मात पहिल्यांदा. "जमेल व्हतं ते तुटी गयं. दोष कोनाच नही. सुरीना शे."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नका."

पुढच्या आठवड्यात त्यांनी सुऱ्या गोळा करायला सुरुवात केली. ज्या घरात जी विसरली होती ती परत मागून आणायची. आणखी कुणाचं काही तुटायला नको. हातात कापडी पिशवी, दार वाजवायचं आणि म्हणायचं, "मनी सुरी ऱ्हायनी व्हती तुमनाकडे." गल्लीत लोकांना आधी हसू आलं, मग कसंतरी वाटायला लागलं. वर्षानुवर्षं जी बाई 'माझी नाहीच' म्हणत होती, ती आता प्रत्येक दारात 'माझी आहे' म्हणून उभी राहत होती.

आमच्या दारातही आल्या. मागे मनीषा होती. मी हिरव्या मुठीची सुरी आणली आणि उंबऱ्याजवळ खाली ठेवली. आता मलाही पद्धत माहीत झाली होती. मावशींनी वाकून उचलली. मुठीवरच्या दोऱ्याचं एक टोक सुटलं होतं, ते त्यांनी अंगठ्याने दाबून बसवलं आणि सुरी पिशवीत टाकली. "राग मानू नको भाऊ," म्हणाल्या. त्या मला म्हणाल्या!

तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं, मावशी थांबा, सुरीचं काही नाही, मी बोललो. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पाणी घेता का?"

पिशवी लेथवाल्याकडे गेली. त्याने ती भंगारात घातली असं कळलं.

ह्यानंतर महिन्याभरात माझी मुलगी झाली. इस्पितळात मावशी, घरी मावशी. सव्वा महिना रोज बाळाला तेल, अंघोळ, धुरी, बायकोला शेक, डिंकाचे लाडू. पाचवीच्या पूजेला बाळाच्या उशाशी लोखंड ठेवायचं असतं, तर त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातली विळी मागून घेतली आणि कापडात गुंडाळून पाळण्याखाली सरकवली. त्यांची स्वतःची एकही सुरी उरली नव्हती. मी दारात उभा राहून बघत होतो. रात्री बायको म्हणाली, "आपली आई असती तरी हिने केलं तेवढं केलं असतं का?" मी कूस बदलली.

वर्षभराने मी दुसऱ्या शाखेत बदली मागून घेतली. तापीच्या पलीकडे घर घेतलं. बायको दिवाळीला, संक्रांतीला भेस्तानला जायची, मुलीला घेऊन. मला नेमकं त्या दिवशी काम निघायचं. मनीषाचं पुढे लग्न झालं. मुलगा लूम दुरुस्त करणारा, भला माणूस. लग्नाला मी अक्षता टाकल्या आणि जेवायला न थांबता आलो. काका गेले तेव्हा स्मशानातूनच परतलो. घरी नाही गेलो. लोकांना वाटायचं माझा स्वभावच तसा. अबोल असण्याचा हा एक फायदा असतो.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने नवीन फ्लॅट घेतला. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने बंगलोरहून भेट पाठवली. उघडून बघितलं तर सहा सुऱ्यांचा सेट, लाकडी ठोकळ्यात खोचलेला. माझी बायको म्हणाली, "अगबाई, घरात आल्या आल्या सुरी! तिला रुपया पाठव आधी." मुलगी म्हणाली, "मम्मी, रुपया कुरियरने पाठवू का?" मग तिने फोनवरून एक रुपया पाठवला. दोन मिनिटांत तो परत आला. खाली मेसेज, चुकून आला वाटतं, परत केलाय. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. मायलेकी हसून हसून सोफ्यावर पडल्या. जावई म्हणाला, "आता तुमची मैत्री तुटणार, आणि बँकेत त्याची नोंद राहणार."

मीही हसलो. पण ते हसणं मला मध्येच टोचलं. हीच मुलगी, जिच्या पाळण्याखाली विळी सरकवली होती. तिला मावशी आठवत होत्या त्या फक्त तिच्या आईच्या गोष्टींतून. त्या गोष्टींत मी कुठे होतो?

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती अंथरुणात उठून बसली. मग म्हणाली, "म्हणून तू दिवाळीला येत नव्हतास." आणि थोड्या वेळाने, "मला सांगू नकोस. त्यांना सांग."

मावशी आता बमरोलीला मनीषाकडे असतात. नजर अधू झालीय, कान मात्र तसेच. मी दारात चप्पल काढली तर आतून म्हणाल्या, "बँकवाला शे का?" इतक्या वर्षांनी, पावलांवरून. मी पाया पडलो. मनीषा पाणी घेऊन आली, "दादा, वाट चुकलात का?" म्हणाली आणि भाजीचं ताट घेऊन तिथेच खाली बसली. मला ती तिथे नको होती. मग वाटलं, असूच दे. खरं तर तिचंच होतं ते.

"मावशी," मी म्हटलं, "ते कडोदऱ्याचं स्थळ. ते सुरीमुळे नाही मोडलं."

मी सांगत गेलो. रविवार, मामा, चहा, कलिंगड. हात कसे हलवून दाखवले तेही सांगितलं. माझं झाल्यावर मावशींनी पदराने तोंड पुसलं.

"तो सेल्समन पळना नही व्हता," त्या म्हणाल्या. "त्यानी तं दोन फोडी खाध्यात."

मला कळेना.

"माले म्हाइत व्हतं भाऊ. त्याच सांजले. त्या मामानी बजारमा माले सर्व सांगं. तू कसा पळी दखाडं, ते बी." आणि त्या चक्क हसल्या. "म्हने, भाडेकरू गोष्टी मस्त सांगस."

त्या संध्याकाळपासून त्यांना माहीत होतं. म्हणजे जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या तेव्हा. उंबऱ्यावरून सुरी उचलली तेव्हा. माझ्या लेकीला तेल लावत होत्या तेव्हा.

"मग सुरीचं नाव का घेतलंत?"

"तं काय तुनं लेऊ?" त्या म्हणाल्या. ह्यापुढचं त्या बऱ्याच सावकाश बोलल्या, मी माझ्या शब्दांत देतो. तू वर राहणारा. रोज जिन्यात तोंड दिसणार. तुझ्या बायकोचे दिवस भरत आलेले, तुमचं इथे कुणी नाही. तुझं नाव घेतलं असतं तर काकांनी तुला त्याच दिवशी खोली सोडायला लावली असती. मग ती पोर कुठे बाळंत झाली असती? आणि मनीषाचंही होतंच. भाडेकरूने काहीतरी सांगितलं आणि लग्न मोडलं, म्हटलं की लोक विचारतात, काय सांगितलं? सुरीने तुटलं म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. मुलीला काही चिकटत नाही. मुलाच्या आईच्या हातात सुरी-बिरी काही दिली नव्हती, तेही त्यांनीच रचलं. आणि एकदा रचलं म्हटल्यावर ते पुरं करायला नको? म्हणून पिशवी घेऊन दारोदार फिरल्या.

"सुरीले काय, तोंड नही," त्या म्हणाल्या. "ती काय मनात धरनार शे?"

मी इतकी वर्षं त्यांना फसवत होतो असं धरून चाललो होतो, आणि त्यांनी आपली आवडती एकच गोष्ट मोडून माझ्यावर पांघरूण घातलं होतं. माझं घर, माझ्या मुलीचा जन्म, बायकोचे ते महिने, सगळं त्या पांघरुणाखाली झालं. उपकार हा शब्द मी पासबुकावर शिक्का मारावा तसा आयुष्यभर वापरला. त्याचं वजन मला त्या खोलीत कळलं.

मनीषाचा हात थांबला होता. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, ते तिच्याकडे बघूनच कळलं.

"माझ्याबद्दल नेमकं काय म्हणालात तुम्ही?" तिने विचारलं.

"म्हणालो, अगदी आईवर गेलीय."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने आईकडे बघितलं. "आईवर गेले म्हणून ज्यांनी नको म्हटलं, त्यांच्या घरात आई आज अशी कॉटवर बसली असती का?" मग माझ्याकडे वळली. "पण एक सांगू दादा? तेव्हा पिशवी आईच्या हातात होती, पण तिच्यामागे मी चालत होते. दर दारात बायका आधी पिशवीकडे बघायच्या, मग माझ्याकडे. तुमच्या दारातही मी होते. तुम्ही पाणी विचारलंत ते आईला. मला नाही विचारलंत."

खरं होतं. ती तिथे उभी होती, आणि मला ती आजपर्यंत आठवली नव्हती. मावशींची माफी मागायची तयारी करून मी गेलो होतो. हिची मागायची आहे, हे मला तिथे बसेपर्यंत सुचलं नव्हतं.

"चुकलं माझं मनीषा," मी म्हटलं. इतकं साधं वाक्य. ते म्हणायला फार वेळ लागत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आत कुकरची शिट्टी झाली म्हणून ती उठली, आणि जाता जाता ताट माझ्याकडे सरकवलं. "नुसते बसू नका. तेवढी भेंडी समारा. जेवूनच जायचंय."

समारा. मनीषा सुरतेतच जन्मली, तिला चिरा म्हणणं सुचत नाही. गुजरातीत भाजी चिरण्याला समारणं म्हणतात. डागडुजीलाही तोच शब्द. रस्ता उकरलेला असला की तिथे पाटी असते, समारकाम चालू आहे.

ताटात बाजारातला साधा प्लॅस्टिकच्या मुठीचा चाकू होता. त्याला धार अशी नव्हतीच. मी मांडी घातली आणि पहिली भेंडी हातात घेतली.

"आडवी की उभी?" मी आत विचारलं.

आतून उत्तर यायच्या आधी कॉटवरून आलं, "आडवी. आन बारीक कर, माले दात नहीत."